ओटी भरलेली पेटी

माझ्या पोटातून त्या दिवशी जे निघालं, त्याची मोजदाद अशी : सुतळीत ओवलेल्या लग्नपत्रिकांच्या माळा सेहेचाळीस. त्यांतल्या पत्रिका दोन हजार तीनशे अठरा. जत्रेची आणि तंबूतल्या सिनेमाची हस्तपत्रकं एकशे बारा. हिरवा खण एक, खोबऱ्याची वाटी एक, हळकुंडं पाच, सुपारी एक. तांदूळ पाऊण किलोच्या आसपास. आणि जिवंत किडे. ते सारखे हलत असल्यामुळे मोजता आले नाहीत.

मित्रांनो, ही मोजदाद शिवांगी नावाच्या मुलीची. माझं त्यात एवढंच की पोट माझं होतं. मी पत्र्याची पेटी आहे. एके काळी सगळीच हिरवी होते, आता जिथे रंग उरला आहे तिथे हिरवी. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी बीदरच्या एका पत्रेवाल्यानं मला ठोकून घडवलं आणि झाकणावर दोन मोर काढले. एका मोराची मान जरा आखूड झाली. पण मला घ्यायला आलेल्या माणसांनी मोर पाहिलेच नाहीत. त्यांनी कडी वाजवून पाहिली, बिजागरी हलवून पाहिली आणि मला उचललं. गुरम्माच्या लग्नात मी तिच्याबरोबर उदगीरला आले.

सुरुवातीला माझ्यात तिची इरकली लुगडी असत. शेजारच्या बायका झाकणावरून हात फिरवून विचारत, "कुठली गं पेटी?" तेव्हा मला फार बरं वाटायचं. मग घरात लोखंडी कपाट आलं. लुगडी कपाटात गेली आणि मी दुकानात आले.

दुकान किराण्याचं, गुरम्माच्या नवऱ्याचं, म्हणजे शिवप्पांचं. आसपासच्या गावांत लग्न निघालं की डाळ, गूळ, तेलाचे डबे त्यांच्याकडून जात. म्हणून पत्रिका छापून आल्या की पहिली देवापुढे आणि दुसरी शिवप्पांच्या तराजूजवळ ठेवायची, असा लोकांचा रिवाजच पडला. शिवप्पांना कागद टाकवत नसे. ते दाभणानं पत्रिकेच्या कोपऱ्याला भोक पाडत आणि ती सुतळीत ओवत. एका गावच्या लेकींची एक माळ. निलंग्याच्या लेकींची वेगळी, देगलूरच्या लेकींची वेगळी, बिलोलीच्या लेकींची वेगळी.

"शिवप्पा, दुकान सोडून सोयरिकी जुळवायला बसलाव का?" गिऱ्हाईकं विचारत.

"सोयरिकी जुळलेल्याच हायत. मी नुसता ओवून राहिलो," ते म्हणत आणि गाठ मारत.

पुढे शिवप्पा गेले. दुकानाचं शटर खाली आलं. माझ्यावर आधी बिघडलेला पंखा ठेवला, मग मोटारसायकलचं टायर. नातवाला, अमरेशला, लातूरला नोकरी लागली. तिथे दोन खोल्या मिळाल्या आणि उदगीरचं घर रिकामं करायचं ठरलं. रद्दीवाला आला. त्यानं मला एका बाजूनं उचलून पाहिलं आणि म्हणाला, "कागद वेगळा तोलू, पत्रा वेगळा."

"न्हाई," गुरम्मा म्हणाली. "त्यानी एकेक करून ओवलंय. तोलून कसं देऊ?"

अमरेशनं दोन-चार ठिकाणी फोन केले. शेवटी नांदेडचं एक ग्रंथालय मला माझ्यातल्या माळांसकट दान म्हणून घ्यायला तयार झालं.

निघायच्या सकाळी अमरेश टेम्पो बघायला गेला. तेवढ्यात गुरम्मानं कोठीच्या डब्यातले तांदूळ काढले, हिरव्या खणात ओतले, वर हळकुंडं, सुपारी, खोबऱ्याची वाटी ठेवून सैल गाठ मारली. माळा बाजूला करून ते गाठोडं तिनं माझ्या अगदी तळाशी ठेवलं. माझ्या मोरांना हळदीकुंकू लावलं. अमरेश परत आला, त्याला कुंकू दिसलं.

"अव्वा, ही पेटी ग्रंथालयात चालली. नांदायला न्हाई."

"जिथं कायमचं ऱ्हायचं तिथं जाणं म्हंजे नांदणंच की. चल, उचल."

तळाशी तांदूळ आहेत हे तिनं सांगितलं नाही. ओटी कुणी सांगून भरत नाही.

नांदेडला माझ्यावर कागदाची चिठ्ठी चिकटली आणि मला एका कोठीत ठेवलं. सगळा उन्हाळा मी तिथे बंद होते. डब्यातले तांदूळ जुने होते. त्यांच्या पोटात आधीच अंडी होती. ऊब आणि अंधार मी पुरवला. आत काय चाललं आहे ते मला कळत होतं, पण पत्र्याला तोंड नसतं.

पावसाळ्यात शिवांगी आली. ती हिमायतनगरची. आधी प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली, आता ग्रंथालयशास्त्र शिकत होती. माझ्यातल्या कागदांची वर्गवारी करून सूची तयार करणं हा तिचा प्रकल्प होता. तिनं माझी कडी काढली, झाकण उघडलं आणि तशीच थांबली. वरच्या माळेवर तपकिरी किडे चालत होते. कागदांच्या फटीत पिठासारखी भुकटी साचली होती.

ग्रंथपाल तनुजा मॅडम मागेच उभ्या होत्या. "बंद कर," त्या म्हणाल्या. "आधी झाकण बंद कर."

त्यांची भीती खोटी नव्हती. काही वर्षांपूर्वी दान आलेल्या एका गठ्ठ्यातून वाळवी आत शिरली होती आणि दोन कपाटं पुस्तकं गेली होती.

"भीमाकाका, ही बाहेर न्या. उद्या टेम्पो बघा आणि उदगीरला परत पाठवा."

भीमाकाका तिथले शिपाई. ते म्हणाले, "परत धाडून काय करतेत, मॅडम? मागच्या आवारात पालापाचोळा जाळूनच राहिलो मी, त्यातच टाकतो."

"जाळायची नाही. दान आहे ते. परत."

"मॅडम, ते घर रिकामं झालंय," शिवांगी म्हणाली. "परत म्हणजे रद्दीतच."

"आणि इथे ठेवली तर माझी पुस्तकं रद्दीत."

शिवांगीनं माझी कडी लावली. मग ती म्हणाली, "मला आजचा दिवस द्या. कीड कोणती ते बघते."

"कीड ती कीड."

"वाघही जनावरच, मॅडम, आणि शेळीही," ती हळूच म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "संध्याकाळपर्यंत. आणि व्हरांड्यात."

भीमाकाकांनी मला ओढत व्हरांड्यात आणलं. शिवांगीनं रंगाच्या ब्रशचं टोक ओलं केलं, एक किडा उचलला आणि पांढऱ्या कागदावर ठेवून त्यावर भिंग धरलं. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या भिंगाखाली होतं, आणि तो किडा निवांत मिशा पुसत होता.

"लांबी तीन मिलिमीटर," ती स्वतःशी बोलत होती. "पंखांवर चार फिके ठिपके. आणि सोंड. सोंड आहे याला."

मग तिनं पत्रिका पाहिल्या. कडा पाहिल्या. हळद लावलेले कोपरे पाहिले, कारण खाणारा तिथूनही सुरुवात करू शकतो. दाभणाचं सोडून एकही भोक नव्हतं. कागद कुठे खरवडलेला नव्हता. भुकटी बोटांवर चोळून पाहिली, ती खरोखर पीठच निघाली.

"काका, तुमच्या घरी तांदळात होतात ना, ते हेच. सोंडकिडे. हे धान्याबाहेर जगत नाहीत."

"मग हितं कशाला आले? लग्नाला?"

"तेच बघायचंय. म्हणजे आत कुठेतरी धान्य आहे."

ती एकेक माळ काढून सतरंजीवर ठेवू लागली. मला वाटत होतं, अजून खाली, बाई, अजून खाली. शेवटची माळ निघाली आणि तिला हिरव्या खणाचं टोक दिसलं. गाठ सोडताच तांदूळ हलताना दिसले. ते स्वतःहून हलत होते.

मॅडमना बोलावलं. त्यांच्यासमोरच शिवांगीनं अमरेशला फोन लावला. त्यानं तो आजीच्या हातात दिला.

"अव्वा, पेटीत तांदूळ तुम्ही ठेवले का?"

"होय की. ओटी भरल्याबगर लेक धाडतेत का कुणी?"

"त्यांना किडे लागलेत."

गुरम्मानं विचारलं, "कागदं खाल्ली?"

"नाही. एकसुद्धा नाही. ते फक्त तांदूळ खातात."

"शहाणे हायत मग," गुरम्मा म्हणाली, आणि तिनं सोडलेला श्वास नांदेडपर्यंत ऐकू आला. "बरं बाई, ती खोबऱ्याची वाटी तेवढी तुमी खावा. माहेरची हाय."

"अव्वा, तिला बुरशी आलीय."

"आता गं. एवढे दिस उघडलीच न्हाई व्हय पेटी? लेक आली तर बघितलं बी न्हाई कुणी."

तनुजा मॅडमनी तोंडावर पदर धरला. त्या हसत होत्या. फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "परत पाठवत नाही. पण आतही घेत नाही. तीन आठवडे व्हरांड्यात. शेवटच्या आठवड्यात एक जरी दिसला, तर टेम्पो."

तांदूळ भीमाकाकांनी कोंबड्यांसाठी घरी नेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंबड्यांचा निरोप आणला, की आणखी कुणाची पेटी येणार असेल तर कळवा.

मला धुतलं, पुसलं, उन्हात ठेवलं. पत्रिका मात्र सावलीतच राहिल्या, कारण उन्हानं शाई उडते. शिवांगीनं एकेक पत्रिका मऊ ब्रशनं झाडली आणि कोरड्या खोक्यांत ठेवली. प्रत्येक खोक्यात एक चिकट पट्टी आणि पट्टीवर मधोमध तांदळाचे चार दाणे. कुणी भुकेला उरला असेल तर तो तिथेच येणार.

वाट बघता बघता तिचं खरं काम सुरू झालं. आधी तिनं ठरवलं होतं की सुतळ्या कापायच्या आणि पत्रिका वर्षाप्रमाणे लावायच्या. कात्रीही हातात घेतली होती. पण तिसरी माळ वाचताना तिच्या लक्षात आलं, की वरांची गावं बदलतात, वधूचं गाव एकच राहतं. तिनं कात्री ठेवून दिली आणि माळांना क्रमांक दिले. मग एकेका पत्रिकेची नोंद : वधूचं गाव, वराचं गाव, तारीख, भाषा, छापखाना. काही पत्रिका एका बाजूला कानडी, दुसऱ्या बाजूला मराठी होत्या. काहींत तेलुगू होती. काही उर्दूत होत्या, पण मंडपाचा पत्ता मराठीत, म्हणजे पाहुणे चुकायला नकोत. दोन भाषांतल्या पत्रिका तीनशे एक्केचाळीस भरल्या.

भीमाकाका दुपारी शेजारी बसत आणि पत्रिकेच्या तळाच्या ओळी मोठ्यानं वाचत. "'माझ्या मामाच्या लग्नाला यायचं हं.' पोरगी, हे लिहिणारं लेकरू आता आजोबा झालं असंल."

"तेही लिहू का सूचीत?"

"लिव्ह की. काय जातंय."

तिनं शेरा या रकान्यात ती ओळ लिहून घेतली.

मित्रांनो, मी आता रिकामी आहे आणि मला हलकं वाटतं. माझं एवढंच सांगणं आहे. कागद द्यायचे असतील तर कोरडे आणि एकटे द्या. त्यांच्या सोबत खायचं काही बांधू नका, मग ते कितीही मायेचं असो. कुणी काही दिलं तर ते उन्हाळाभर कोंडून ठेवू नका, आल्या दिवशी उघडा. आणि कीड दिसली तर काडी पेटवायच्या आधी भिंग आणा. ती काय खाते हे विचारल्याशिवाय तिला पेटीबाहेर काढू नका, आणि पेटीला घराबाहेर काढू नका.

तिसरा आठवडा संपला तेव्हा शिवांगीनं सगळ्या पट्ट्या गोळा करून तनुजा मॅडमच्या टेबलावर मांडल्या. दोघींनी वेगवेगळं मोजलं. आकडे जुळले, तेव्हा शिवांगीनं ते लिहिले.

पहिला आठवडा, सापडलेले किडे : एकतीस. दुसरा आठवडा : चार. तिसरा आठवडा : शून्य.