मेंगियाच्या घरातला उतार

यंदा सुरपुंत गावाचा सगळा बर्फ मेंगियाच्या घरात पडला. बाहेर डोंगरावर गवत वाळत होतं आणि तिच्या स्वयंपाकघरात गुडघाभर बर्फ साचला होता. मेंगियाला त्याचं नवल वाटलं नाही. बर्फालाही चांगलं घर कळतं, एवढंच ती म्हणाली.

आल्प्समधलं हे गाव स्कीइंगच्या जोरावर जगभर मिरवतं. इथल्या जुन्या घरांत स्वयंपाकघरापासून दारापर्यंतचा बोळ मुद्दाम उतरता ठेवतात, म्हणजे पोरं चालण्याआधी घसरायला शिकतात. मेंगियाचा बोळ सगळ्यांत तीव्र उताराचा, आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवल्याशिवाय सोडत नसे. मोसमातली बर्फावरची पहिली रेघ गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाने स्कीवरून घसरत काढायची, असा रिवाज. एका दमात, मध्ये न थांबता. रेघ तुटली तर त्या हिवाळ्यात कुणीही स्की पायात चढवायची नाही. यंदा मान मेंगियाचा होता.

नगराध्यक्ष फ्लूरिन फरकोटवाल्या पाहुण्यांना घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आला.

"मेंगिया आजी, हॉटेलं भरलीत. गावाची लाज आता तुमच्या हातात."

"पायांत म्हण," मेंगिया म्हणाली. "आणि ते कोट चुलीपासून लांब ठेवा."

तिने स्की बांधल्या आणि स्वतःला खाली सोडून दिलं. बोळ एरवी चार ढांगांत संपायचा. आज तिची खोली मागे पडली, मग तशीच आणखी एक खोली, तीच गोधडी, तोच पलंग. कोट टांगायच्या खुंट्यांना पानं फुटली होती. पुढे त्यांची देवदारं झाली. वारलेले वडील एका झाडाशी उभे होते.

"डावीकडे कलतेस," ते म्हणाले.

"नाही कलत, बाबा," ती म्हणाली, आणि खरंच कलत नव्हती. तिला मनापासून आनंद झाला. ते जिवंत असताना हे तिला कधी ठणकावून सांगता आलं नव्हतं.

भिंती जवळ येऊ लागल्या. देवदारं अंग चोरून उभी राहिली. खाली उघड्या दारात तिची मुलगी सेरेना उभी होती.

"आई, थांब," सेरेना म्हणाली. "तू येतेस तसं दार मागे सरकतंय. ते संपायचं नाही."

"थांबले तर रेघ तुटेल."

"तुटू दे. तू घरी ये."

"घरातच आहे की."

सेरेना रडू लागली. मेंगियाने तिच्यावरची नजर काढली नाही, पण मागे सगळं गाव खोळंबलं होतं, आणि अशी सरळ रेघ सुरपुंतमध्ये कुणी काढली नव्हती, हे तिच्या तळव्यांना कळत होतं. दार काडेपेटीएवढं झालं. छत खाली येत येत तिच्या केसांना लागलं. मेंगियाने मान वाकवली नाही. तिने गुडघे वाकवले, आणि वेग वाढला.