काळोखातल्या अडतीस आकृत्या

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला पितळी सूक्ष्मदर्शक. डोळ्यांना दिसत नाही ते दाखवणे हे माझे काम. पण एका वर्षी अडतीस मुलांनी माझ्यात डोकावून असे काही 'पाहिले', जे मी त्यांना दाखवलेच नव्हते. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही. म्हणून सांगतो, ऐका.

माझी भिंगे एका म्हाताऱ्या कारागिराने घासली. मी तयार झाल्यावर त्याने माझ्याखाली पहिल्यांदा स्वतःचाच अंगठा धरला आणि एवढ्या मोठ्याने "अरे बापरे!" म्हटले की शेजारचा सुतार रंधा टाकून धावत आला. मग दोघांनी आळीपाळीने तो अंगठा पाहिला. त्या दिवशी कारखान्यात बाकीचे काही काम झाले नाही.

लाकडी पेटीत बसून मी शाळेत आलो. विज्ञानाच्या बाई तेव्हा नव्या नोकरीला लागलेल्या होत्या. मुले माझ्यासमोर रांग लावत आणि रांगेत भांडत. एका मुलाने माशीचा पाय पाहिला आणि घाबरून स्टुलासकट मागे कोसळला. डोक्याला टेंगूळ आले, तरी उठून म्हणतो कसा, "बाई, परत बघू?" तसली शाबासकी मला पुन्हा मिळाली नाही.

पुढे भिंतीवर मोठा पडदा आला. त्यावर माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या, रंगीत पेशी दिसू लागल्या. मी कपाटात गेलो. वर्षातून एकदोनदा मला बाहेर काढत, तेही अभ्यासक्रमात लिहिले आहे म्हणून. मुलेही बदलली. बाई काहीही दाखवू लागल्या की मागून आवाज यायचा, "हे परीक्षेला आहे का?" बाई बिचाऱ्या रोज उत्साहाने वर्गात यायच्या आणि चेहरा पाडून बाहेर पडायच्या.

मग त्यांनी एक युक्ती केली. भिंतीवर सगळ्यांच्या नावांचा तक्ता लावला. बरोबर उत्तराला एक सोनेरी तारा, नीटनेटक्या आकृतीला दोन. वर्षाअखेर ज्याचे तारे जास्त, त्याला मोठ्या शहरातले विज्ञान प्रदर्शन बघायला न्यायचे. पहिल्या महिन्यात वर्ग नुसता पेटला. पटापट हात वर होऊ लागले. खोटे कशाला बोलू, मलाही आनंद झाला. वाटले, आता आपले दिवस फिरले.

त्याच सुमारास सुट्टीपूर्वीची साफसफाई आली. शिपाईमामांनी काडीला काळ्या कापडाचा बोळा गुंडाळून माझी नळी आतून पुसली. मामांचा हात मायेचा, पण नजर अधू. काडी बाहेर आली, बोळा आतच राहिला. मामांनी वरचे भिंग पुन्हा बसवले, माझी पाठ थोपटली आणि पेटी बंद केली. मित्रांनो, मी आंधळा झालो होतो आणि कोणाला सांगूही शकत नव्हतो.

सुट्टीनंतर कांद्याच्या पापुद्र्याचा तास आला. बाईंनी मला खिडकीपाशी ठेवले आणि काचपट्टी सरकवली. माझ्या चाकावर एक पांढरी खूण आहे. चाक तिथवर फिरवले की पेशी स्वच्छ दिसतात, हे बाईंना इतक्या वर्षांत पाठ झाले होते. त्यांनी चाक खुणेवर आणले. डोळा काही लावला नाही. अडतीस मुले आणि एकच तास, त्यांनी तरी काय काय करावे?

"एकेकानं यायचं, बघायचं आणि जागेवर जाऊन आकृती काढायची. चला!"

पहिला आला पहिल्या बाकावरचा चष्मेवाला. त्याच्या नावापुढे सर्वांत जास्त तारे होते. त्याने डोळा लावला. आत मिट्ट काळोख. मी वाट पाहत होतो की तो आता ओरडेल, मग बाई येतील आणि माझी सुटका होईल. त्याने एकदा चोरून मागच्या रांगेकडे पाहिले.

"दिसलं, बाई!"

माझा विश्वासच बसेना. दुसरी आली. तिलाही "दिसलं". तिसरा, चौथा, दहावा, सगळ्यांना दिसले. एक तर म्हणाला, "काय मस्त दिसतंय!" तो जागेवर जाऊन बसेपर्यंत मी सुन्न होतो. क्षणभर वाटले, माणसांच्या डोळ्यांना काही नवी शक्ती तर आली नाही? मग वह्या दिसल्या. विटांसारख्या ओळीने रचलेल्या पेशी, प्रत्येकीत एक टिपका, बाजूला नावांचे बाण. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात उजवीकडच्या वरच्या पेशीत टिपका छापायचा राहून गेला होता. एकजात सगळ्या वह्यांमध्ये तो राहून गेला होता.

शेवटी आली शिंप्याची मुलगी. अंगाने किडकिडीत, म्हणून सगळे तिला काडी म्हणत. काडीने डोळा लावला. माझ्या तळचा, उजेड वर फेकणारा आरसा हलवला. डावा डोळा लावून पाहिला, मग पुन्हा उजवा.

"बाई, काही दिसत नाही. नुसता काळोख आहे."

वर्ग खो खो हसला.

"सगळ्यांना दिसलं आणि तुलाच बरं दिसत नाही? नीट बघ."

"बघितलं, बाई. काळोखच आहे."

घंटा व्हायला आली होती. बाई वैतागल्या. "मग काढ वहीत काळोख!"

काडीने खरेच काढला. एक गोल आखून पेन्सिलीने काळा केला, त्याला बाण दिला आणि खाली लिहिले, 'काळोख'. त्यावर लाल शाईने शून्य आले. मधल्या सुट्टीत मुले तिला 'काळोखताई' म्हणून हाका मारू लागली.

पण मित्रांनो, खरा हादरा पुढेच होता. आठवड्याने बाईंनी तिला आणखी एक संधी दिली. काडी आली. या वेळी तिने आरशाला हात लावला नाही. डोळा टेकवला न टेकवला तोच ती खाली बघत म्हणाली, "दिसलं, बाई."

आणि तिने विटा काढल्या. उजवीकडची वरची पेशी रिकामी ठेवून.

"शाब्बास! मनावर घेतलं की दिसतं की नाही?" बाईंनी आनंदाने दोन तारे चिकटवले. सदतीस जणांचे खोटे मी कसेबसे पचवले होते. ही अडतिसावी आकृती मात्र घशात अडकली.

दोनच दिवसांनी मुख्याध्यापिका प्रयोगशाळेत आल्या. "कितीतरी वर्षांत पेशी बघितल्या नाहीत हो मी," म्हणत त्या माझ्यावर वाकल्या. "अहो, यात तर काहीच दिसत नाही!"

"काहीतरीच काय! सगळा वर्ग बघून गेलाय," म्हणत बाईंनी हसत हसत डोळा लावला. हसू तिथेच विरले. त्यांनी वरचे भिंग काढले, चिमटा आत घातला आणि काळा बोळा बाहेर ओढला. धुळीची पुटे चढलेला तो बोळा त्यांनी तळहातावर उलटसुलट करून पाहिला. मग त्यांनी टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा जवळ ओढला. एक वही उघडली, दुसरी उघडली. दहाव्या वहीला त्या मटकन स्टुलावर बसल्या. प्रत्येक वहीत उजवीकडची वरची पेशी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बोळा वर्गासमोर धरला. "हा यात अडकला होता. खरं सांगा, काय दिसलं होतं तुम्हाला?"

अखेर चष्मेवाला उठला. "काही नाही, बाई."

"मग आकृती कशी काढलीत?"

"पुस्तकातनं. तारा मिळणार होता ना."

बाई काडीकडे वळल्या. "तू तर खरं सांगितलं होतंस. मग नंतर का बदललीस?"

काडी बाकाची कड नखाने खरवडत राहिली. "सगळ्यांना दिसत होतं, बाई. तुम्हीपण म्हणालात नीट बघ. मला वाटलं, माझेच डोळे चुकतायत."

"तुझे डोळे बरोबर होते गं. मी एकदाही बघितलं नाही. चूक माझी," बाई सगळ्या वर्गादेखत म्हणाल्या. मग त्यांनी तक्ता खाली काढला. प्रदर्शनाला जायचे तर सगळा वर्ग जाईल, नाहीतर कोणीच नाही, असे सांगून टाकले.

तुम्हाला वाटेल, आता सगळे सुरळीत झाले असेल. छे! तक्ता गेला आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. "तारा नाही तर कशाला बघायचं?" असे एकाने तोंडावर विचारले. बाईंनी मला कपाटात ठेवले नाही. खिडकीपाशी मांडले आणि शेजारी पाटी ठेवली: 'तुम्हाला जे बघावंसं वाटेल ते आणा.' पहिले दोन आठवडे मी आणि पाटी, दोघेच होतो. मग एकाने गंमत म्हणून नाकातला मेकूड आणला. बाई रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "ठेव काचपट्टीवर." ते पाहायला पंधरा जण गोळा झाले. पुढे कोणी मीठ आणले, कोणी साचलेल्या डबक्याचे पाणी. त्या पाण्यात काहीतरी वळवळताना दिसले, तेव्हा चष्मेवाल्याने किंकाळी फोडली. ही 'काय मस्त दिसतंय' सारखी खोटी आरोळी नव्हती. या वेळी तो खरोखर हादरला होता.

काडी मात्र लांबून बघायची. माझ्याजवळ आली नाही.

मग एका दुपारी ती मुठीत काहीतरी घेऊन आली. दोन पांढरे धागे होते. "बाबांना गिऱ्हाईक म्हणतं, कापड शुद्ध रेशमाचं आहे. बाबा म्हणतात, असेल. पण यातला एक धागा माझ्या बोटांना वेगळा लागतो."

तिने डोळा लावला आणि झटका बसल्यासारखी मागे सरली. "बाई! हा काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत आहे. आणि हा पट्टीसारखा चपटा आहे, आणि पिळलाय! हा कापसाचा असणार. पण याला पिळलं कोणी? बाबांनी तर नाही पिळला!"

बाईंच्या ओठांवर काहीतरी आले होते. ते त्यांनी गिळले. "मला नक्की माहीत नाही. तुला काय वाटतं?"

काडीचा डोळा पुन्हा माझ्यावर टेकला होता. तिने वहीत जे काढले ते वाकडेतिकडे होते, खाडाखोडीने भरलेले. घंटा झाली तरी ती उठली नाही, आणि बाईंनीही तिला उठवले नाही.

मित्रांनो, मी आता फार म्हातारा झालो आहे. मला पुसताना मऊ कापड वापरा, भिंगांना बोटे लावू नका, आणि काम झाले की पेटीचे झाकण लावा. एवढी काळजी घेतलीत तर मी आणखी पुष्कळ वर्षे टिकेन. माझ्या नळीतला बोळा एका चिमट्याने एका क्षणात निघाला. पण मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला, तर त्यासाठी कुठल्याही प्रयोगशाळेत चिमटा मिळत नाही. काडीला पुन्हा माझ्यात डोकावायला नऊ आठवडे लागले. काही मुलांना त्याहून जास्त लागतात, आणि तोवर त्यांची शाळा संपून जाते.