तिसरा ढग

नाटकताईच्या पायाला भिंगरी आहे, असं लोक कौतुकाने म्हणायचे. कौतुक कसलं डोंबलाचं! सोमवारी एका शाळेत उतरायचं, शनिवारी तिथल्याच पोरांचं नाटक उभं करायचं, रविवारी सामान गाडीत कोंबून पुढच्या गावाला निघायचं. जिथे जाल तिथे तोच फिनेलचा वास, त्याच गुडघ्याएवढ्या खुर्च्या आणि तीच चहात बुडून मेलेली बिस्किटं. नाटकही तेच, ‘रुसलेला सूर्य’. सूर्य म्हणतो, मी नाही उगवत जा. मग कोंबडे, बेडूक आणि ढग येऊन त्याची समजूत घालतात. एवढीच गोष्ट, पण साठ पोरं सामावून घेते.

पोरांची नावं शिकायची नाहीत, हा या धंद्यातला पहिला धडा. नावं पाठ होईपर्यंत गाव मागे पडलेलं असतं. म्हणून ज्याला जे सोंग दिलं त्याच नावाने हाक मारायची. “दुसरा बेडूक, नाकातलं बोट काढ! कोंबडे, भांडू नका!” पोरं खूश आणि ताईच्या डोक्याला ताप नाही.

ती आधी अशी नव्हती. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला आणि तिला रडूच आलं नाही. लोक येऊन डोळे पुसून जात, ती त्यांना पाणी आणून देई. मग हे फिरतीचं काम आलं. “दोन-तीन महिने सांभाळ गं,” असं म्हणून तिने मुलीला धाकट्या बहिणीकडे ठेवलं आणि गाडीत बसली. गाडी काही थांबली नाही. तुम्ही म्हणाल, कसली आई ही! तिनेही स्वतःला तसं म्हणून पाहिलं होतं, चांगलं धारेवर धरलं होतं. पण मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढावा, तसं ते लागायचंच नाही.

आणि या आठवड्यात गाडी नेमकी मुलीच्याच शाळेत आली.

धाकटी बहीण तोंडाने फटकळ, मनाने लोणी. आल्या दिवशीच तिने हिला स्वयंपाकघरात गाठलं. “नाटक कंपनीने तुला कपडेपटाचं काम देऊ केलंय ना? एका जागी? राहायला दोन खोल्याही?”

“हो.”

“मग घे ते. पण आधी चिंगीला विचार. ती येते म्हणाली तर बॅग मी भरते. नाही म्हणाली तर ती माझ्याकडे राहील, कायमची. पण असं अधांतरी नको लटकवूस पोरीला. नऊ वर्षांची आहे ती, माळ्यावर टाकलेली ट्रंक नाही.”

“विचारते या आठवड्यात.”

“विचार म्हणजे झालं,” बहीण म्हणाली आणि कढई घासायला लागली. बिचाऱ्या कढईचा काही गुन्हा नव्हता.

सोमवारी निवड झाली. पोरं भिंतीला लागून उभी, नाटकताई एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत जाणार आणि सोंग सांगणार. चिंगी मधोमध होती. एरवी कंगव्याशी वैर असलेल्या पोरीने आज चापूनचोपून वेणी घातली होती. तिला सूर्य व्हायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ताईचा हात तिच्या डोक्यावर पडला. “ढग. तिसरा,” ताई म्हणाली आणि पुढे सरकली. लोक नावं ठेवतील म्हणून तिने असं केलं असेल, असं शिक्षकांना वाटलं. खोटं कशाला बोला, तिने काही विचारच केला नव्हता.

ड्रायव्हरमामा गाडी चालवायचे, पडदे बांधायचे आणि गाणीही लावायचे. संध्याकाळी वायरी गुंडाळताना ते म्हणाले, “पोरगी चालते अगदी तुमच्यासारखी हो.”

“कोण?”

“आता काय म्हणावं तुम्हाला! तिसरा ढग.”

“हो का,” ती म्हणाली आणि बेडकांचे मुखवटे पेटीत रचत राहिली.

रोज ती बहिणीकडे जेवायला जाई. रोज ठरवून जाई, की आज विचारायचं. एकदा तर जेवणं झाल्यावर ती चिंगीच्या पलंगावर जाऊन बसलीसुद्धा. चिंगी उठून अंग चोरून उभी राहिली.

“चिंगे.”

“काय?”

आता शब्द तोंडाशी आले होते. “ढग पाय घासत नाही चालत,” ताई म्हणाली. “टाचा उचल.”

चिंगीने टाचा उचलून खोलीभर चालून दाखवलं. स्वयंपाकघरात एक ताट जोरात आपटलं.

शनिवारी हॉल खचाखच भरला. चिंगीला एकच वाक्य होतं, “मी सरकतो बाजूला, तू ये ना.” तिने ते खणखणीत म्हटलं. सूर्य उगवला, आयाबापांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. ताई पडद्याआड उभी राहून चौथ्या ढगाची सुटलेली नाडी बघत होती.

खेळ संपला की निरोप. तोंडाचा रंग न पुसता पोरं रांगेत उभी राहतात. नाटकताई प्रत्येकासमोर गुडघ्यावर बसते, त्याचे दोन्ही हात हातात घेते, डोळ्यांत बघते आणि हळूच, जणू फक्त त्यालाच सांगतेय असं म्हणते, “तू नसतास तर हे नाटक झालंच नसतं. मी तुला कधीच विसरणार नाही.” पोरं विरघळतात. काही रडतातही. मग ती पुढच्यासमोर बसते.

सूर्य झाला, कोंबडे झाले. पहिला ढग, दुसरा ढग. तिने तिसऱ्याचे हात हातात घेतले. “तू नसतीस तर हे नाटक झालंच नसतं. मी तुला कधीच विसरणार नाही,” ती म्हणाली, गोड हसली आणि चौथ्याकडे वळली.

बेडकांपर्यंत पोचल्यावर तिला कळलं, की आपण आत्ता कुणाचे हात धरले होते. तिने मान वळवली. चिंगी जागच्या जागी उभी होती आणि लक्ष देऊन ऐकत होती. पण रांग अर्धी उरली होती, पोरं वाट बघत होती. ताई पुढच्या बेडकासमोर बसली आणि तेच म्हणाली.

हॉल रिकामा झाल्यावर ती चिंगीजवळ आली. चिंगी बाकावर बसली होती, बहीण तिचे बूट हातात घेऊन शेजारी उभी होती. आता मात्र ताईने एका दमात सांगून टाकलं. “चिंगे, मी फिरती सोडतेय. दोन खोल्यांचं घर मिळतंय. येशील माझ्याकडे राहायला? कायमची?”

चिंगी रागावली नव्हती. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. “हे पण सगळ्यांना विचारतेस?”

बहिणीने तोंडावर हात ठेवला.

“नाही गं! तुलाच. फक्त तुलाच,” ताई म्हणाली. आवाज छान आला, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. तो तिचा तिलाच ऐकू आला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीत असं काही दुखलं, की तिने बाक धरला.

“मी मावशीकडे बरी आहे,” चिंगी समजुतीने म्हणाली. बूट घालायला पाय तिने मावशीपुढे धरला होता. “पण तू पुढच्या वर्षी परत ये हं. सगळ्यांना खूप आवडलं.”

“येईन हं,” ताईच्या तोंडून निघून गेलं.