धुळाजीने दुप्पट पळवलेला पंखा

मी एक जुना उफणणीचा पंखा आहे. धारूरच्या डोंगराकडेला एका गोठ्यात तीन पात्यांनिशी पडलो आहे. चौथं पातं कुठे गेलं ते सांगतो. सांगताना मला मजा येते, हेही आधीच कबूल करतो.

मित्रांनो, माझ्या मोटारीवर पट्टी होती: मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे. त्या वेगाने मी नऊ हंगाम हरभरा उफणला. भुसकट उडायचं, दाणा जागेवर पडायचा. मुक्ताबाई हंगामाआधी मला तेल द्यायची. तिचा नवरा धुळाजी मात्र माझं बटण पायाने दाबायचा आणि वर एक लाथ घालायचा.

यंदा शेजारच्या बबनरावांची रास आपल्याआधी उचलली जाऊ नये, म्हणून त्याने मला युसूफ वडगाव या गावी नेलं. मोटारीत नवी तार गुंडाळून भरणाऱ्या हरिबाला म्हणाला, "दुप्पट पळंल अशी भर."

"पळंल, पण पाती न्हाई टिकायची."

"तू भर बे!"

खळ्यावर बटण दाबलं आणि मी किंचाळलोच. भुसकटासोबत दाणेही उडाले, थेट बबनरावांच्या काटेरी कुंपणात. पोटातल्या तारा तापल्या, जळका वास सुटला.

"आवं, बंद करा! लई थरथरतोय त्यो," मुक्ताबाई ओरडली.

"मशीन हाय ती, बैल न्हाई! जा, पाणी आण."

माझ्या एका पात्याला मुळाशी तडा गेला होता. मुक्ताबाई समोरून हटेपर्यंत मी ते कसंबसं धरून ठेवलं. मग सोडलं. धुळाजीच्या नडगीचे दोन तुकडे झाले. त्याला दवाखान्यात न्यायला बबनरावांचीच जीप लागली. त्या दिवशी मला जेवढं समाधान वाटलं, तेवढं नऊ हंगामांत वाटलं नव्हतं.

धुळाजीचं मला आजही वाईट वाटत नाही.

पण दारातून खळं दिसतं. मुक्ताबाई सूप धरून तिवईवर एकटी उभी असते, वारा सुटायची वाट बघत. बाजेवरून हाक येते, "अगं, पाय उचलून ठेव माझा!" ती उतरते, जाते, पुन्हा चढते. आज दुपारी तोल जाऊन पडली. उठली, सांडलेला हरभरा एकटीच वेचत बसली.

मित्रांनो, यंत्रावर लिहिलेल्या वेगापुढे त्याला पळवू नका. आम्हीही चिडतो, सूड घेतो. पण ज्याची खोड मोडतो, त्याचं काम कुणाच्या गळ्यात पडेल, हे आम्हाला आधी कळत नाही.