पुसलेला पाना

मित्रांनो, मी एक जुना, अर्धा जळालेला व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्ह म्हणजे नळीतले दार. माझ्या कुशीला मूठ जाईल एवढे भगदाड आहे आणि त्याचे काठ मेणबत्तीसारखे ओघळलेले आहेत. मी पोलादाचा आहे. पोलाद कुठे जळते का, असे तुम्ही विचाराल. जळते. मी जळलो आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म लेथवर झाला. कारागिराने मला इतके कापले, खरवडले आणि घासले की माझे निम्मे अंग कीस होऊन जमिनीवर पडले. मग मला रॉकेटची इंजिने तपासण्याच्या मैदानावर आणले. तिथे इंजिन आकाशात जात नाही. त्याला लोखंडी चौकटीत जखडतात आणि जागच्या जागी पेटवतात. ते बेभान होऊन गर्जते, चौकट हादरते, समोरच्या खंदकातले दगड उडतात. दोन मिनिटांनी सगळे शांत झाले की लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या इंजिनासाठी असतात, फार तर इंधनासाठी. मला याचा आजही राग येतो.

इंधन एकटे काय दिवे लावणार? जळत्या मेणबत्तीवर पेला उपडा घाला, ती विझते, कारण जळायला ऑक्सिजन लागतो. जमिनीवर तो हवेतून फुकट मिळतो. वर हवा विरळ होत जाते आणि पुढे संपतेच. म्हणून रॉकेट आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन जाते, तोही द्रवरूपात. आमच्या इंजिनाला एक किलो रॉकेल जाळायला जवळपास अडीच किलो ऑक्सिजन लागायचा. म्हणजे खरे ओझे त्याचेच. दुसऱ्याला जळायला लावणाऱ्या अशा पदार्थाला ऑक्सिडक म्हणतात.

हा ऑक्सिडक माझ्या पोटातून जायचा. फिकट निळा, शून्याखाली एकशे त्र्याऐंशी अंश गार, आणि दिसायला अगदी गरीब. स्वतः तो जळत नाही. पण कापड, केस, डांबर, जे त्याच्या तावडीत सापडेल ते एका ठिणगीसरशी भडकते. तेलाशी तर त्याचे उभे वैर. तेलाचा पुसटसा थर असला आणि त्यावर तो जोरात आदळला, तर ठिणगीचीही गरज उरत नाही.

म्हणून मैदानावर एक कडक शिस्त होती. चौकटीखालच्या फरशीवर मधोमध पिवळी पट्टी आखलेली होती. पट्टीच्या एका बाजूला रॉकेलवाले, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनवाले. दोघांचे पाने वेगळे, हातमोजे वेगळे, फडकी वेगळी, डबा खायची बाकेसुद्धा वेगळी. ऑक्सिजनकडचे प्रत्येक अवजार धुऊन अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली धरायचे. तेल राहिले असेल तर ते तिथे चमकते. मग अवजार पिशवीत बंद करायचे आणि पिशवी फक्त कामाच्या जागी फोडायची.

रॉकेलच्या बाजूला एक फिटर बाई होती आणि ऑक्सिजनच्या बाजूला तिची सख्खी धाकटी बहीण. मैदानावर सगळे त्यांना तेलताई आणि गारठी म्हणत. घरी दोघी एका ताटात जेवायच्या, एकमेकींचे कपडे घालायच्या. कामावर मात्र एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवायची सोय नव्हती.

"ताई, लांबूनच बोल. तुझा वास इथपर्यंत येतोय," गारठी चिडवायची.

"तू नको शहाणपणा शिकवूस. तुझ्याकडे बघूनच मला हुडहुडी भरते," तेलताई म्हणायची.

नऊ वर्षे गारठीने मला सांभाळले. प्रत्येक चाचणीनंतर ती मला उघडायची, माझी कडी, म्हणजे गळती रोखणारे आतले वेटोळे, बदलायची, मला दिव्याखाली फिरवून फिरवून बघायची. तिचा उघडा हात माझ्या अंगाला कधी लागला नाही, आणि तरी तिच्याइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही.

मग तो दिवस आला. दोनदा पुढे ढकललेली चाचणी सकाळी व्हायची होती. टाकी भरलेली होती आणि आतला ऑक्सिजन मिनिटामिनिटाला वाफ होऊन उडून चालला होता. नियंत्रण खोलीतून साहेब भोंग्यावर ओरडत होते. अशात माझी कडी गळते आहे असे दिसले. टाकीचा कॉक बंद करून गारठी चौकटीवर चढली, मला उघडायला लागली, आणि तिचा पाना हातातून निसटून जाळीखालच्या गटारात पडला.

दुसरा पाना आणायचा तर मैदानाचे टोक गाठायचे, तो धुवायचा, दिव्याखाली धरायचा. अर्धा तास नक्की मोडला असता.

"गारठे, किती वेळ?" भोंगा गरजला.

पट्टीपलीकडे तेलताई उभी होती. बहिणीवर कुणी ओरडलेले तिला खपत नसे. तिने खिशातून आपला पाना काढला, कोऱ्या फडक्याने खसाखसा पुसला, उलटसुलट करून परत पुसला.

"हा घे. चकचकीत केलाय."

"नको गं ताई. तुझ्याकडचा आहे तो."

"अगं, एकच नट तर फिरवायचाय. मी तुला काही वाईट देईन का?"

गारठी क्षणभर थांबली. मग तिने हात पुढे केला. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

पाना नटवर फिरला. न दिसणारा रॉकेलचा अंश तिच्या हातमोज्यावर आला आणि त्याच हाताने तिने माझ्या पोटात नवी कडी बसवली. टाकीचा कॉक उघडला गेला. नळी गार करण्यासाठी मला आधी हाताने थोडेसे उघडावे लागे. गारठी माझ्याशेजारी वाकली आणि तिने माझी मूठ फिरवली.

ऑक्सिजन कडीवर आदळला आणि माझे पोट फुटले. पांढरा, डोळे फोडणारा उजेड झाला. मी जळत होतो, माझे पोलाद थेंबाथेंबाने उडत होते, आणि ते थेंब गारठीच्या हातावर, छातीवर पडत होते. ऑक्सिजनमध्ये भिजलेली तिची बाही एका क्षणात पेटली. ती मागे फेकली गेली आणि फरशीवर पडली.

तेलताई धावली. तिचे कपडे रॉकेलने माखलेले होते.

"ताई, येऊ नकोस!" गारठी जळता जळता किंचाळली. "तू पेटशील! येऊ नकोस!"

पट्टीवर येऊन तेलताई थांबली. तिने अंगातला डगला फाडून काढला, बूट भिरकावले, विजार ओरबाडून फेकली आणि आतल्या कपड्यांवर आगीत शिरली. बहिणीला केसांना धरून तिने पाण्याच्या फवाऱ्याखाली ओढले. तेवढ्यात नियंत्रण खोलीतून कुणीतरी टाकीचा कॉक बंद केला आणि मी विझलो.

गारठी वाचली. तिचा उजवा हात कोपरापासून कापावा लागला.

चौकशीत साहेबांनी विचारले, "पाना कुणाचा?"

"मीच न विचारता उचलला," गारठी म्हणाली.

"खोटं बोलतेय ती. मी पुसून दिला," तेलताई म्हणाली, आणि त्याच दिवशी तिने काम सोडले. तिला शिक्षा कुणीही केली नव्हती.

आता मी प्रशिक्षणाच्या खोलीत टेबलावर असतो. नवे फिटर आले की गारठी मला डाव्या हाताने उचलते आणि सगळी हकीगत सांगते. परवा एका पोरीने विचारले, "पण बाई, पाना पुसला होता ना?"

गारठी म्हणाली, "हो. माझ्या सख्ख्या बहिणीनं पुसला होता."

तेलताई अजून तिच्याच घरात राहते. रोज ताटात घास कालवून बहिणीला भरवते. मित्रांनो, मला पॉलिश करू नका, माझी कीवही करू नका. एवढेच करा. तुमचे माणूस कामावर 'नको' म्हणाले, तर त्याला आपल्या मायेची आण घालू नका. त्याचे ऐका.