आपाचा वाटा

मी एक जुनी बर्फपेटी आहे, मित्रांनो. आता गावात थंड डब्याचा ट्रक येतो, म्हणून मी कुंपणापाशी पडून असते आणि माझ्यावर कोंबडी झोपते. माझी कडी तुटली आहे. पण जाड भिंतींत भरलेला फोम शाबूत आहे, आणि गारवा असो की ऊब, राखतो तो तोच.

मी अराल समुद्राकाठच्या ओराझबाय कोळ्याची. समुद्र आटत आटत लांब गेला, तेव्हा ओराझबायची थोरली बहीण, कान्शायिम आपा, घर मोडून दूर शहरात गेली. पुढे बांध घातला, पाणी परतले, मासेही आले. आपाला मात्र ते पटेना.

"गेलेला समुद्र परत येतो होय रे? कुणाला शेंडी लावतोस?" ती फोनवर म्हणे.

थोरल्यांचा वाटा राखून ठेवायची आमची रीत. ओराझबाय दर उन्हाळ्यात बर्फाच्या थरांत मासे रचून तिच्याकडे निघे, आणि दर वेळी ते वाटेत खराब होत. दोष माझा नव्हता! चहाला थांबले की कुणीतरी म्हणे, "दाखव की मासे!" आणि हा भिडेखातर झाकण उघडी. भीड भिकेची बहीण, म्हणतात ते खोटे नाही. आपा नाक दाबून म्हणे, "हे समुद्राचे? बाजारातले शिळे आहेत."

आपा ऐंशीला टेकली. त्या वर्षी ओराझबायची बायको उलबोसिन सोबत निघाली आणि गाडीत सरळ माझ्यावरच बसली.

"वहिनी, उठा की, मासे बघू!" टपरीवाला म्हणाला.

"माझे गुडघे धरलेत. चहा इथंच आणा."

"ओराझबाय, ही बायको आहे की कुलूप?"

सगळे हसले. ओराझबाय लाजून लाल झाला, पण त्याने तिला उठवले नाही. मला उलबोसिन त्या दिवसापासून फार आवडते.

आपाच्या अंगणात झाकण उघडले, तेव्हा निम्मा बर्फ शिल्लक होता. आपाने एका माशाचे कल्ले उचलून पाहिले. लालभडक, ताजे! तिने मासा नाकाशी नेला आणि तिथेच मटकन खाली बसली.

"आलाय रे," ती रडत म्हणाली. "खरंच आलाय."

आमच्यात भांडे रिकामे परत पाठवत नाहीत. सकाळी आपाने बाउर्साक तळले, कणकेचे गोल फुगे, आणि कापडात गुंडाळून माझ्यात भरले.

"आपा, मासळीचा वास लागेल हो!" उलबोसिन म्हणाली.

"लागू दे. त्या वासालाच मी तरसले होते." आपाने डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि गाडीत चढून माझ्यावर बसली. "सर गं जरा. आता मी येते."

समुद्राकाठी पोचेपर्यंत तिने कुणालाही झाकण उघडू दिले नाही. पाण्यात पाय सोडून तिने पहिला बाउर्साक भावाला दिला. तो अजून कोमट होता.

म्हणून सांगते, मित्रांनो, माझ्यासारखीला धुऊन उन्हात वाळवत जा. आणि झाकण उगीच उघडू नका. आत कुणाचा तरी वाटा असतो.