गोड्या पाण्याची आंघोळ

मित्रांनो, मी एक जुनी फियाट मोटार आहे. माझी पहिली काही वर्षे डोंबिवलीच्या एका डॉक्टरांकडे गेली. तिथे मला पत्र्याचे छप्पर होते आणि अंगावर बसणारी धूळसुद्धा कोरडी असे. १९८६ साली मला ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातील दामाजी नाखवा यांनी विकत घेतले. खाडीत कारखान्यांचे सांडपाणी येऊ लागले होते. जाळ्यात मासळी कमी आणि गाळ जास्त लागे. म्हणून दामाजींनी आपली होडी विकली आणि तिच्या जागी मला आणले. माजिवड्याच्या एका कारखान्यातील साहेबांना सकाळी ठाणे स्टेशनवरून न्यायचे आणि संध्याकाळी परत सोडायचे, हे आमचे काम. घरची चूल त्यावरच पेटत असे.

दामाजींनी मला होडीसारखेच जपले, आणि चूक नेमकी तिथेच झाली. कोळीवाड्यात नळाला पाणी एक दिवसाआड आणि थोडाच वेळ येई. त्याला सगळे गोडं पाणी म्हणत आणि ते फक्त प्यायला व रांधायला वापरत. जाळी, टोपल्या, होड्या मात्र खाडीच्या पाण्याने धुवायच्या, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दामाजींनी माझे बॉनेट उघडले आणि भरतीच्या पाण्याच्या बादल्या थेट इंजिनवर ओतल्या. मी नुकतीच माजिवड्याहून आले होते. तापलेले लोखंड चरचरले. पण काजळी वाहून गेली आणि मी लख्ख दिसू लागले.

"दामा, तुजी गाडी तं नवरी दिसते रे!" शेजारचे परशुराम म्हणाले.

त्या कौतुकाने दामाजी इतके खूश झाले की अशी धुलाई वरचेवर होऊ लागली. काही महिन्यांतच माझ्या बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरी पूड साचली. बोल्ट तपकिरी झाले, तारांची टोके कुरतडली गेली. शेवटी एका शुक्रवारी, साहेब आत बसलेले असताना, माजिवड्याच्या नाक्यावर मी बंद पडले.

"दामाजी, सोमवारी गाडी वेळेवर आली तर ठीक," साहेब उतरता उतरता म्हणाले, "नाहीतर मला दुसरी लावावी लागेल."

मला ढकलत घरी आणले. परशुराम दारातच उभे होते. "होडी असती तं वल्हवून तरी आणली असतीस! भंगारवाल्याला हाक मारू काय?"

दामाजी पायरीवर जाऊन बसले. होडी तर गेलीच होती, आता मीही चालले होते.

त्यांची मुलगी उत्तरा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. तिने वाकून माझ्या कडेकोपऱ्यांत पाहिले.

"बाबा, इंजिन कुठल्या पाण्याने धुता?"

"खाडीच्या. होडी नाय का धुवत?"

"होडी लाकडाची, बाबा. ही लोखंडाची. पाणी वाळतं, पण मीठ मागे राहतं. ते हवेतली ओल धरून ठेवतं, म्हणून गंज वाढतच जातो. गोड्या पाण्याने ते मीठ काढायला हवं."

तिची आई चंद्रभागाबाई आतून कडाडल्या, "गोडं पानी? अगो, गाडीला आंघोल घालशील आनि आमी काय पावडर लावून बसू?"

"आये, दोनच हंडे दे."

"आनि नल येईपर्यंत भात कशात शिजवू?"

 नवऱ्याची खाली गेलेली मान त्यांनी पाहिली. मग स्वतःच भरलेला हंडा कमरेवर घेऊन आल्या आणि माझ्या चाकाशी ठेवला. "नल येईपर्यंत पाव खाऊ. पन ही चालू झाली नाय तं मला तोंड दाखवू नका, दोघंबी!"

दुसऱ्या दिवशी, इंजिन पूर्ण थंड असताना, बापलेक कामाला लागले. आधी बॅटरीची वजा बाजूची तार काढली, मग अधिक बाजूची. पाणी शिरले तर बिघडणाऱ्या कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधल्या. दामाजी रॉकेल आणायला निघाले, तर उत्तरा म्हणाली, "नको, ते पेट घेतं. साबण पुरे." ब्रशने हलकेच घासून, तांब्यातांब्याने पाणी सोडून त्यांनी माझे सगळे मीठ धुतले. बॅटरीची टोके खाण्याच्या सोड्याने साफ करून कोरडी केली. गंजलेला पत्रा पॉलिश पेपरने घासून वर गंज रोखणारा लाल प्रायमर लावला. बॉनेट उघडे ठेवून मला उन्हात वाळवले. पिशव्या सोडून तारा जोडल्या, तेव्हा आधी अधिक, शेवटी वजा. टोकांवर पेट्रोलियम जेली फासली.

दामाजींनी चावी फिरवली. मी खोकले. पुन्हा फिरवली, पुन्हा खोकले. चंद्रभागाबाई रिकामा हंडा घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्या वेळी मी सुरू झाले, आणि त्या घाईघाईने आत निघून गेल्या. डोळे पुसायला गेल्या असाव्यात.

सोमवारी साहेब माझ्यातूनच माजिवड्याला गेले, आणि पुढे अनेक वर्षे जात राहिले.

मित्रांनो, सायकल असो वा शिवणयंत्र, धुण्यापूर्वी ते कशाचे बनले आहे आणि हातातल्या पाण्यात काय आहे, एवढे जरूर विचारा. माया दामाजींकडे पहिल्या दिवसापासून होती, फक्त हा प्रश्न राहून गेला होता. मला मात्र त्या घराचा कधीच राग आला नाही. कारण ज्या दिवशी मी स्वच्छ झाले, त्या दिवशी त्या घरातली माणसे तहान मारून बसली होती.